अणुदुर्घटनेनंतर ओस पडलेल्या जागांत निसर्ग कसा परततो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशा जागा खरोखरच पुन्हा हिरव्या होतात का?

होतात, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बऱ्याच लवकर. युक्रेन-बेलारूस सीमेजवळच्या चेर्नोबिलच्या आसपासची गावं १९८६ साली रिकामी झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत बेलारूसच्या बाजूला हेलिकॉप्टरमधून जनावरांची मोजणी होत होती. त्या मोजणीत मूस (भलीमोठी हरणं), रो ही लहान हरणं आणि रानडुकरं वाढताना दिसली. मात्र जंगल दाट झालं म्हणून तिथली माती स्वच्छ झाली असं होत नाही. एकाच रानात लांडग्यांचे कळप सुखाने फिरत असतात आणि त्याच रानातलं भूछत्र माणसाने तोंडात घालण्याच्या लायकीचं नसतं. या विषयावरची निम्मी भांडणं या दोनांपैकी एकच गोष्ट धरून बसल्यामुळे होतात.

नेमक्या कोणत्या जागांबद्दल हे बोललं जातं?

सगळ्यात जास्त अभ्यास चेर्नोबिलचा झालाय. २६ एप्रिल १९८६ रोजी तिथल्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रिप्यात हे जवळपास ४९ हजार वस्तीचं शहर बसगाड्यांत भरून हलवलं गेलं. त्या वर्षभरात सुमारे १ लाख १६ हजार लोकांना घरं सोडावी लागली. आज युक्रेनमधलं निषिद्ध क्षेत्र साधारण २६०० चौरस किलोमीटरचं आहे. त्याला लागूनच बेलारूसचं पोलेसिये किरणोत्सारी अभयारण्य आहे, १९८८ साली स्थापन झालेलं, २१०० चौरस किलोमीटरांहून मोठं.

त्याखालोखाल जपानमधलं फुकुशिमा (मार्च २०११). मग प्रशांत महासागरातलं बिकिनी कंकणद्वीप, जिथे अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात २३ अणुचाचण्या केल्या. रशियातल्या उरल पर्वताजवळच्या मायाक अणुकारखान्यात २९ सप्टेंबर १९५७ रोजी अणुकचऱ्याची टाकी फुटली, तो पट्टाही यात येतो. शिवाय अमेरिकेतल्या हॅनफर्डसारख्या जागा आहेत. तिथे एका घटकेत काही घडलं नाही, पण बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवताना जमीन वर्षानुवर्षं खराब होत गेली.

या जागा एका माळेत ओवल्या जातात, पण त्यांच्यात फरक फार आहे. कुठे दलदल, कुठे प्रवाळ, कुठे डोंगरउतारावरची भातशेती. एका ठिकाणचं निरीक्षण दुसरीकडे जसंच्या तसं लागू होत नाही.

इतक्या किरणोत्सारात जनावरं मरत कशी नाहीत?

सुरुवातीला मेली. चेर्नोबिलच्या अपघातानंतरचे पहिले काही आठवडे भट्टीच्या आसपास भीषण होते. जमिनीतले किडे, लहान सस्तन प्राणी आणि झाडं यांना त्या काळात जबर फटका बसला. पण तेव्हाच्या माऱ्यातला मोठा वाटा अल्पायुषी पदार्थांचा होता. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवसांचं असतं, म्हणजे दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं आणि तीन महिन्यांत नावापुरतं उरतं. पुढे मुख्यतः सीझियम-१३७ (अर्धायुष्य ३० वर्षं) आणि स्ट्रॉन्शियम-९० (२९ वर्षं) राहतात, आणि भट्टीच्या जवळ प्लुटोनियम. त्यामुळे आज जनावरांना मिळणारी मात्रा सुरुवातीच्या दिवसांपेक्षा कैक पटींनी कमी आहे. शिवाय ती सगळीकडे सारखी नाही. एका कुरणात जवळजवळ काहीच नाही आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या खोलगट जागेत मापकाचा काटा उड्या मारतोय, असं तिथे सर्रास चालतं.

दुसरं कारण फारसं सुखद नाही. कर्करोग व्हायला वर्षं लागतात आणि रानातल्या बहुतेक जनावरांना तेवढी वर्षं मिळतच नाहीत. रानउंदीर एखाद-दोन हंगाम जगतो. लांडगा पाच-सहा वर्षं जगला तरी पुष्कळ. माणूस ज्या आजाराला सगळ्यात जास्त घाबरतो तो गाठायच्या आत त्यांना भूक, थंडी किंवा दुसरं जनावर गाठतं.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या हिशोबाची. कळपाची संख्या टिकायला त्यातला प्रत्येक जीव ठणठणीत असावा लागत नाही. चार पिल्लांतलं एक जास्तीचं दगावलं, तरी शिकार नाही आणि शेतीची हाकलाहाकल नाही म्हणून उरलेली तीन जगतात आणि बेरीज वाढतीच दिसते. शिवाय बाहेरच्या स्वच्छ रानातून नवी जनावरं आत येत राहतात. म्हणूनच "प्राणी भरपूर आहेत" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारावा : भरपूर आहेत, पण कसे आहेत?

"लाल जंगल" म्हणतात ते काय आहे?

भट्टीच्या पश्चिमेला लागून पाइनचं रान होतं. स्फोटानंतरचा पहिला लोट त्याच्यावरून गेला. तिथल्या झाडांना ६० ग्रेपेक्षा जास्त मात्रा बसली. (ग्रे हे अंगात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप. माणसाला उपचार मिळाले नाहीत तर ४-५ ग्रे जीवघेणे ठरतात.) काही आठवड्यांत पाइनच्या सुया विटकरी-तांबड्या पडल्या आणि चार-सहा चौरस किलोमीटरचं रान उभ्या उभ्या मेलं. पुढे बुलडोझर लावून ती झाडं आडवी केली, खंदकांत पुरली आणि वर वाळू टाकली.

याच जागी एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. पाइन मेले तिथे बर्च मात्र तगले. पानं गळाली, काही फांद्या वाळल्या, पण पुढच्या हंगामात पुन्हा पालवी आली. त्याच्या सुमारे तीस वर्षं आधी उरलमध्येही हेच झालं होतं : मायाकच्या धुरळ्याखाली पाइन गेले आणि बर्च राहिले. याचं कारण पेशीत आहे. पाइनचा जनुकसंच बर्चच्या कित्येक पट मोठा असतो, गुणसूत्रं जाडजूड असतात, म्हणजे किरणांना नेम धरायला निशाणही मोठं मिळतं. त्यात पाइन सदाहरित. सुयांवर बसलेली धूळ झटकून टाकायची सोय त्याच्याकडे नाही. आणि अपघात एप्रिलअखेरीस झाला, ऐन वाढीच्या दिवसांत, जेव्हा पेशी झपाट्याने विभागत असतात.

आज त्या जागेवर पांढऱ्या सालीच्या बर्चचं रान आहे. मधूनमधून नवे पाइनही उगवलेत, पण त्यांतले कित्येक सरळसोट वाढत नाहीत. शेंड्याचा कोंब मुका होतो, बाजूचे कोंब जोर धरतात आणि झाड झुडपासारखं पसरतं. फुकुशिमातल्या लाल पाइन आणि फर झाडांतही अशीच विकृती नोंदली गेली आहे. चेर्नोबिलच्या "भुताटकी"ची जी छायाचित्रं फिरतात, त्यांपेक्षा हा वेडावाकडा पाइन मला जास्त बोलका वाटतो.

चेर्नोबिलमध्ये जनावरं वाढली, हे कशावरून?

बेलारूसच्या अभयारण्यातल्या दीर्घकाळच्या मोजणीवरून. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. हिवाळ्यात बर्फावर उमटलेले माग ठरलेल्या वाटांवर मोजायचे, अशी ही जुनीच पद्धत. निष्कर्ष असा निघाला की मूस, रो हरीण, तांबडं हरीण आणि रानडुक्कर यांची संख्या त्या भागातल्या स्वच्छ अभयारण्यांइतकीच आहे, आणि लांडगे त्यांच्यापेक्षा सातपट आहेत. किरणोत्सार जास्त तिथे जनावरं कमी, असा संबंधही सापडला नाही.

लांडग्यांचं कोडं सोपं आहे. बाहेर त्यांना गोळी घालतात, आत घालत नाहीत. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघ मोडला आणि हातातोंडाची गाठ पडेना म्हणून बाहेर शिकार बोकाळली. त्या वर्षांत रशियातल्या कितीतरी रानांत मूस आणि रानडुक्कर घटत होते, आणि जगातल्या सगळ्यात कुप्रसिद्ध दूषित जागेत ते वाढत होते.

याखेरीज लिंक्स ही रानमांजरं आहेत, बीव्हर आहेत, २०१४ साली कॅमेऱ्यात तपकिरी अस्वलही टिपलं गेलं. बेलारूसच्या बाजूला युरोपीय गवे आणून सोडले. युक्रेनच्या बाजूला १९९८-९९ मध्ये प्रेझवाल्स्की जातीचे तीसेक रानघोडे आणले. आता ते शंभराच्या वर गेलेत. कॅमेऱ्यांनी त्यांना ओस पडलेल्या गोठ्यांत आणि घरांत शिरताना पाहिलं आहे. बहुधा माश्या-डासांपासून सुटका आणि सावली यासाठी. ज्या घरांतून माणसांना सामान आवरायलाही वेळ मिळाला नाही, त्यांचा हा असा उपयोग झाला.

सगळ्याच प्राण्यांचं भलं झालं का?

नाही. माणसाच्या आधाराने जगणारे जीव माणसाबरोबरच गेले. चिमण्या, घरातले उंदीर आणि पांढरा करकोचा यांची गरज शेत, गोठा आणि कापलेलं गवत ही असते. गावं रिकामी झाली तसे ते विरळ होत गेले. त्यांच्या जागी रान आवडणारा काळा करकोचा, पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड, मोठा ठिपकेदार गरुड असे लाजरे पक्षी आले. पहिल्या वर्षी तर उभं पीक कापायला कोणी नव्हतं, तेव्हा उंदरांचा सुळसुळाट झाला आणि अन्न संपल्यावर तो तितक्याच वेगाने ओसरलाही.

म्हणून इथे जुनं काही जसंच्या तसं परत आलं असं समजू नका. सोव्हिएत काळात पोलेसियेची दलदल कालवे खणून आटवली होती. माणसं गेली, कालव्यांची डागडुजी थांबली, बीव्हरांनी बांध घातले आणि पाणी पुन्हा पसरलं. गरुडांना हे मानवलं, शेताच्या पाखरांना नाही.

दोन डोक्यांची जनावरं, राक्षसी मासे यांचं काय?

भट्टीच्या शीतकरण तलावातले मोठाले कॅटफिश पर्यटकांना दाखवत असत. ती जात मुळातच माणसाएवढी वाढते. तिथे मासेमारी नाही आणि वरून पाव फेकणारे पाहुणे येत असत, एवढंच गुपित. ऑक्टोबर २०२५ मध्ये निळ्या कुत्र्यांची छायाचित्रं जगभर फिरली. कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या मंडळींनीच सांगितलं की ती कुठल्या तरी रसायनात लोळली असावीत, बहुधा फिरत्या शौचालयाच्या.

व्यंग घेऊन जन्मलेली पिल्लं रानात दिसत नाहीत, कारण ती टिकत नाहीत. त्यामुळे ती जन्मतच नाहीत असं मात्र ठरत नाही.

जनुकीय बदलांबाबत शास्त्रज्ञही घाईत फसलेले आहेत. व्होल नावाच्या रानउंदरांत बदलांचा वेग अफाट वाढल्याचा निबंध १९९६ साली ‘नेचर’ मासिकात आला, मुखपृष्ठावर झळकला. पुढे त्याच गटाने नवं यंत्र वापरून नमुने पुन्हा वाचले, तेव्हा जुन्या वाचनातल्या चुका उघड झाल्या आणि १९९७ साली त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. विज्ञानात अशी माघार फार कमी लोक घेतात. दुर्दैवाने पहिला निबंध जितका गाजला, तितकी ही माघार गाजली नाही.

मग किरणोत्साराचा काहीच परिणाम नाही, असं म्हणायचं का?

अजिबात नाही. अँडर्स मोलर आणि टिमोथी मूसो या दोन जीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पक्ष्यांवर काम केलं आहे आणि त्यांचं चित्र उदास आहे. जास्त दूषित रानांत पक्ष्यांची संख्या आणि जातींची विविधता दोन्ही कमी. माळभिंगऱ्यांच्या चेहऱ्यावर पांढरी पिसं, पिल्लांचं जगण्याचं प्रमाण घटलेलं. २०११ साली त्यांनी ४८ जातींचे ५५० पक्षी तपासून दाखवलं की जास्त किरणोत्सार असलेल्या भागातल्या पक्ष्यांचा मेंदू सरासरी पाच टक्क्यांनी लहान भरतो. गळलेला पाला कुजण्याचा वेगही अतिदूषित जागी मंद असल्याचं त्यांच्या गटाने मांडलं. पाला कुजवणारे किडे, बुरशी आणि जिवाणू हे रानाचे सफाई कामगार. त्यांचं काम रेंगाळलं की जमिनीवर सुका पाचोळा साचत जातो.

या कामावर टीकाही कडक झाली. पक्ष्याला प्रत्यक्ष किती मात्रा बसली हे न मोजता त्या जागेचा आकडा धरला, असा एक आक्षेप. दुसरा असा की माळभिंगरीला गोठे आणि गुरं लागतात, गुरं गेल्यावर तिचं बिनसणारच, त्यात किरणांचा वाटा किती हे वेगळं काढणार कसं? मूस मोजणारे आणि भिंगऱ्या मोजणारे एकमेकांचं बोलणं खोडतात असं वरवर दिसतं, पण पुष्कळदा ते वेगळंच मोजत असतात. एक गट रानात किती जनावरं आहेत ते बघतो, दुसरा एकेका जीवाची तब्येत. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर असू शकतं. उंदीर-पाखरांच्या पातळीवर नुकसान होत असताना मोठ्या सस्तन प्राण्यांची संख्या वाढण्यात काहीच विसंगती नाही. माणसाचा त्रास नसणं ही सवलत इतकी मोठी आहे की किरणांचा दंड भरूनही हिशोबात शिल्लक उरते.

प्राणी किरणोत्साराला सरावले आहेत, अशा बातम्या येतात. खऱ्या आहेत का?

अर्ध्यामुर्ध्या. सगळ्यात भक्कम पुरावा बेडकांचा आहे. झाडावर राहणारा हिरवा बेडूक चेर्नोबिलच्या आत बाहेरच्यापेक्षा सरासरी बराच गडद आढळला, काही तर काळेकुट्ट. दोनशेहून जास्त नर तपासून २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. यातली मेख अशी की गडदपणाचा संबंध आजच्या किरणोत्साराशी जुळत नाही, १९८६ साली जिथे मारा जास्त होता त्या जागांशी जुळतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशींना किरणांपासून काही प्रमाणात वाचवतं. म्हणजे त्या सुरुवातीच्या दिवसांत गडद बेडूक जास्त तगले आणि त्यांचा वंश पुढे चालला, असा अर्थ लावला जातो. तर्क पटण्यासारखा आहे, पण तेव्हाचे बेडूक कोणी जपून ठेवले नव्हते, त्यामुळे थेट तुलना शक्य नाही.

बुरशीतज्ज्ञ नेली झ्दानोवा यांना नव्वदच्या दशकात भट्टीच्या भिंतींवर काळी बुरशी वाढलेली सापडली. अशा मेलॅनिनयुक्त बुरशा किरणांखाली जास्त जोमाने वाढू शकतात हे पुढे प्रयोगशाळेत दिसलं. त्या किरणोत्सार "खातात" हे मात्र सिद्ध झालेलं नाही, बातम्यांचे मथळे काहीही म्हणोत.

लांडग्यांना कर्करोगाशी लढायची शक्ती आली, ही २०२४ ची बातमी एका परिषदेत मांडलेल्या प्राथमिक कामावर आधारलेली होती. कुत्र्यांबाबत मात्र नीट काम झालं आहे. १९८६ साली मागे राहिलेली बहुतेक पाळीव कुत्री सैनिकांनी मारली, पण काही वाचली आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्या पिलावळ तिथेच आहे. २०२३ साली ३०२ कुत्र्यांच्या तपासणीत भट्टीजवळची कुत्री आणि १५ किलोमीटरवरच्या चेर्नोबिल गावातली कुत्री जनुकांनी वेगळी निघाली. लगेच सगळीकडे उत्क्रांतीचा बोलबाला झाला. पुढच्या तपासणीत मात्र या फरकामागे वाढलेली म्युटेशनं असल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन गावच्या कुत्र्यांत एरवीही असा फरक पडतो.

एवढा किरणोत्सार शेवटी जातो कुठे?

बराचसा कुठेच जात नाही. सीझियम रसायनाच्या दृष्टीने पोटॅशियमचा आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचा सोयरा. झाडं त्यांना पोषक समजून आत घेतात, प्राण्यांच्या शरीरात सीझियम स्नायूंत जातं, स्ट्रॉन्शियम हाडांत बसतं. पान गळतं, कुजतं आणि तोच माल पुन्हा मुळांकडे येतो. चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते, पण पोलेसियेसारख्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदली माती) आणि वाळूच्या जमिनीत ते सैल राहतं आणि वनस्पतींत सहज शिरतं. इतक्या वर्षांनंतरही पुष्कळसं सीझियम मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरांतच आहे.

एक पदार्थ तर वाढतोच आहे. प्लुटोनियम-२४१ क्षय पावून अमेरिशियम-२४१ बनतं आणि या अमेरिशियमचं अर्धायुष्य ४३२ वर्षांचं आहे. प्लुटोनियम-२३९ चं तर २४ हजार वर्षांहून अधिक.

मॉस (शेवाळासारखी बुटकी वनस्पती) आणि भूछत्रं सीझियम शोषण्यात सगळ्यांच्या पुढे. प्रिप्यातमध्ये वाटाडे पाहुण्यांना पहिली ताकीद देतात ती फरशीच्या फटीतल्या मॉसवर पाय न ठेवण्याची. याचा माग चेर्नोबिलपासून हजाराहून जास्त किलोमीटर दूर जर्मनीच्या बव्हेरियापर्यंत जातो. तिथल्या हरणांच्या मांसातलं सीझियम कमी झालं, रानडुकरांचं होईना. अजूनही काहींचं मांस किलोमागे ६०० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) मर्यादा ओलांडतं. रानडुकरं जमिनीखालची भूछत्रं उकरून खातात आणि सीझियम हळूहळू झिरपत नेमकं त्याच खोलीला पोहोचतंय. २०२३ साली उघड झालं की त्यातला लक्षणीय हिस्सा चेर्नोबिलचा नसून १९६० च्या सुमाराच्या अणुचाचण्यांचा आहे.

जंगलाला आग लागली तर?

लागते. एप्रिल २०२० मध्ये निषिद्ध क्षेत्रात फार मोठा वणवा पेटला आणि प्रिप्यातच्या जवळ आला. झाडांत आणि पाचोळ्यात साठलेलं सीझियम धुराबरोबर काही प्रमाणात पुन्हा हवेत उडतं. लांबच्या शहरांना त्याचा धोका नगण्य ठरला, विझवणाऱ्या जवानांना नाही.

फुकुशिमात काय दिसतं?

तिथली गोष्ट वेगळी, कारण लोक परतताहेत. २०११ मध्ये दीड लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली. तेव्हापासून घरं, शाळा, रस्ते आणि शेतं यांच्यावरची माती खरवडून काढण्याचं प्रचंड काम झालं. जवळपास १ कोटी ४० लाख घनमीटर माती निघाली. पण प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे, आणि वस्तीला लागून असलेली साधारण २० मीटरची कड सोडली तर जंगलाला हात लावलेला नाही. लावता येण्यासारखाही नाही : वरची माती खरवडली तर डोंगरच पावसात वाहून जाईल.

२०२० साली तिथल्या कॅमेऱ्यांचा अभ्यास आला. २ लाख ६७ हजारांहून जास्त छायाचित्रं, वीसहून अधिक जाती. एकट्या रानडुकराची निर्मनुष्य भागात २६ हजारांहून जास्त छायाचित्रं मिळाली आणि माणसं राहतात तिथे सुमारे सात हजार. गंमत म्हणजे सेरो हा बकरीसारखा प्राणी उलट वागला, तो माणसांच्या भागात जास्त दिसला. रानडुकरांची गर्दी टाळण्यासाठी असावं. सुटलेली पाळीव डुकरं आणि रानडुकरं यांचा संकरही झाला, तपासलेल्या रानडुकरांत सुमारे १६ टक्के संकरित निघाली. पण पाळीव डुकराची जनुकं पिढीगणिक विरळ होत चालली आहेत. रानात टिकायला रानटीच लागतं.

सगळंच काही आलबेल नाही. एका निळ्या फुलपाखरात अपघातानंतर पंख आणि पायांच्या विकृती वाढल्याचं २०१२ साली नोंदलं गेलं, माकडांच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी आढळल्या.

बिकिनीत तर बॉम्बच फुटले. तिथे काही उरलं?

१ मार्च १९५४ च्या ‘ब्राव्हो’ चाचणीचा जोर १५ मेगाटन होता. तिने प्रवाळात सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. २००२ साली पाणबुडे त्यात उतरले तेव्हा त्यांना फांद्यांसारख्या प्रवाळांची आठ मीटर उंचीपर्यंतची दाटी दिसली. जुन्या नोंदींशी ताडून बघता बहुतेक जाती परतल्या होत्या, ४२ सापडल्या नाहीत आणि त्यांतल्या २८ तिथून कायमच्या गेल्या असाव्यात असा अंदाज निघाला. शेजारच्या रोंगेलाप कंकणद्वीपाचं प्रवाळ टिकून राहिलं होतं, तिथून वाऱ्या-प्रवाहाबरोबर प्रवाळांचे डिंभ येत गेले. जवळ बियाणं शिल्लक असणं ही अशा सगळ्या जागांची मोठी गरज आहे.

जमिनीवर मात्र उलटं चित्र. १९४६ साली हलवलेले १६७ बेटवासी आणि त्यांची मुलंबाळं, यांतली काही कुटुंबं सत्तरच्या दशकात परतली. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी आणि चिकणमाती नाही, त्यामुळे नारळांनी सीझियम भरभरून उचललं आणि ते माणसांच्या अंगात गेलं. १९७८ साली त्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं. माशांना घर मिळालं, माणसांचं गेलं ते गेलंच.

हॅनफर्डबद्दल फार ऐकू येत नाही. तिथे काय?

१९४३ साली सुमारे पंधराशे चौरस किलोमीटर जमीन ताब्यात घेतली गेली, पण कारखाने तिच्या थोड्याच भागात उभे राहिले. उरलेल्या सुरक्षा पट्ट्यात ना नांगर फिरला ना धरण झालं. म्हणून कोलंबिया नदीचा तो टप्पा आजही मोकळा वाहतो, चिनूक सामन तिथे अंडी घालतात, आणि २००० साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. मधोमध मात्र गाडलेल्या टाक्या आहेत. तिथे टम्बलवीड नावाचं काटेरी झुडूप लांब मुळांनी खालचा किरणोत्सारी माल ओढून घेतं, सुकलं की मुळापासून तुटतं आणि वाऱ्यावर गडगडत निघतं. अशी झुडपं शोधून गोळा करण्याचं काम तिथल्या कर्मचाऱ्यांना करावं लागतं.

म्हणजे अणुअपघात निसर्गाच्या फायद्याचा, असं म्हणायचं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा "हो" ऐकायचं असतं. चेर्नोबिलने दाखवलं ते एवढंच की मोठ्या प्राण्यांच्या दृष्टीने शेती, शिकार, रस्ते आणि वस्ती यांचा एकत्रित जाच तिथल्या आजच्या किरणोत्सारापेक्षा जड आहे. यात किरणोत्साराचं कौतुक काहीच नाही. तेवढीच जमीन माणसं हलवून पण अपघाताविना सोडून दिली असती, तर हे सगळं झालंच असतं, शिवाय लाल जंगलातले पाइन उभे राहिले असते. पुढच्या वर्षांत हलवलेली धरून सुमारे साडेतीन लाख माणसं कायमची विस्थापित करून मिळालेलं अभयारण्य हा काही संवर्धनाचा नमुना नव्हे.

दूषित भागातली जनावरं बाहेर जातात का?

जातात. गळपट्टा बांधलेला एक तरुण लांडगा चेर्नोबिलमधून तीनशे किलोमीटरांहून दूर गेल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. संशोधकांच्या मते निषिद्ध क्षेत्र आता आजूबाजूच्या रानांना लांडगे पुरवत असावं.

युद्धाचा काय परिणाम झाला?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा निषिद्ध क्षेत्रातून आत आल्या आणि मार्चअखेरपर्यंत तिथे होत्या. लाल जंगलाच्या परिसरात खंदक खणले गेले, प्रयोगशाळांतली उपकरणं लुटली गेली. आता जमिनीत सुरुंग आहेत, त्यामुळे जिथे संशोधक मापक घेऊन पायी फिरत, तिथली बरीच कामं अडली आहेत. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी तर एका ड्रोनने भट्टीवरच्या नव्या पोलादी आच्छादनाला भोक पाडलं. माणसांची वर्दळ नव्हती म्हणून वाढलेल्या जनावरांच्या वाटेत आता स्फोटकं आहेत.

माणसं परत कधी राहू शकतील?

काही तर लगेचच परतली होती. बंदी झुगारून हजार-बाराशे गावकरी, त्यांत म्हाताऱ्या बायका जास्त, चेर्नोबिलच्या आपल्या घरी येऊन राहिले. आता त्यांतली थोडीच उरली आहेत. बाकी उत्तर जागेवर अवलंबून आहे. जिथे फक्त सीझियम आणि स्ट्रॉन्शियम आहे तिथे दर तीस वर्षांनी भार निम्मा होतो आणि बाहेरच्या कडेच्या काही भागांत शेती करता येईल का याची चाचपणी सुरू झाली आहे. जिथे प्लुटोनियम सांडलंय, तिथे शतकांत मोजायलाही अर्थ नाही. फुकुशिमात परतलेल्या शेतकऱ्यांपुढचा रोजचा प्रश्न याहून साधा आहे : दहा वर्षं शेतं आपलीच समजून बसलेल्या रानडुकरांना हुसकायचं कसं. त्यासाठी विजेची कुंपणं लागली आहेत, सापळे लागले आहेत, आणि पकडलेलं डुक्कर सीझियममुळे खाताही येत नाही, म्हणून त्याची विल्हेवाट लावण्याचं कामही ग्रामपालिकांच्या गळ्यात पडलं आहे.